हायस्कूलचा ऑफेन्सिव्ह लाइनमन कसा जोखायचा: नव्या स्काउटसाठी पायरी-पायरीने

अमेरिकन फुटबॉल बघताना डोळे आपोआप बॉलमागे पळतात, आधी क्वार्टरबॅक, मग रिसिव्हर, मग टचडाउन, आणि समोरच्यांना अडवणाऱ्या ज्या पाच दांडग्या गड्यांमुळे हे सगळं घडलं ते कुणाला दिसतच नाहीत. हे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमन. असा लाइनमन स्काउट करायचा, म्हणजे कॉलेजसाठी हेरायचा, असेल तर पहिली सवय हीच मोडायची. बॉल बघायचा नाही. अवघड जातं, पण दोन-तीन मॅच नेटाने केलं की जमतं.

दुसरी अडचण अशी की या पोझिशनला आकडेच नाहीत. क्वार्टरबॅकचे यार्ड मोजता येतात, रनिंग बॅकचे टचडाउन मोजता येतात, लाइनमनच्या नावापुढे काही लागत नाही, लागलंच तर पेनल्टी. त्यामुळे इथे सगळी मदार डोळ्यावर आहे आणि म्हणूनच चांगली चांगली पोरं मोठ्या कॉलेजांच्या हातून निसटतात. २०१३ चा एनएफएल ड्राफ्ट घ्या, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू एकेक करून निवडतात ती फेरी, पहिल्या चार नावांत तीन ऑफेन्सिव्ह टॅकल होते. त्यातला अगदी पहिला एरिक फिशर, हा मिशिगनचा पोरगा, मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नाही म्हणून सेंट्रल मिशिगनला गेलेला. आणि चौथा लेन जॉन्सन, टेक्सासमधल्या ग्रोव्हटन नावाच्या छोट्या गावात हायस्कूलला चक्क क्वार्टरबॅक होता, मग किलगोरच्या ज्युनिअर कॉलेजला, मग ओक्लाहोमाला, आणि टाइट एंड (ब्लॉकही करतो, पासही झेलतो), डिफेन्सिव्ह एंड (डिफेन्सच्या लाइनचा टोकाचा गडी) असं करत करत शेवटी टॅकल झाला.

म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आज काय करतोय हे अर्धंच उत्तर. तीन-चार वर्षांनी त्या शरीराचं आणि त्या सवयींचं काय झालेलं असेल, हा खरा प्रश्न. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नासाठी आहेत.

पायरी १: पाच जागा आधी समजून घ्या

मधोमध सेंटर, तो बॉल स्नॅप करतो, म्हणजे पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे देऊन प्ले सुरू करतो. त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर थ्रो करताना त्याची पाठ डाव्या बाजूला येते, म्हणून लेफ्ट टॅकलला इतकं महत्त्व. यांच्या जर्सीवर साधारण ५० ते ७९ मधला नंबर असतो, त्यामुळे मैदानावर शोधायला सोपे.

कॉलेजच्या हिशोबाने टॅकल म्हटलं की उंची ६ फूट ४ इंच ते ६ फूट ७ इंच आणि हात लांब, गार्ड आणि सेंटर ६ फूट २-३ इंचांचे असले तरी चालतं. मोठ्या कॉलेजात वजन ३०० पौंडांच्या आसपास किंवा वर, म्हणजे १३६ किलोच्या पुढे. हायस्कूलला मात्र २४०-२५० पौंडांचा पोरगाही लाइनवर असतो आणि त्यात वाईट काही नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हायस्कूलचा कोच आपला सगळ्यात चांगला लाइनमन लेफ्ट टॅकलला उभा करतो, त्याची उंची ६ फूट २ असली तरी. म्हणून तो कॉलेजलाही टॅकल होईल असं नाही. आणि छोट्या शाळेत तर हाच पोरगा डिफेन्सलाही खेळतो, म्हणजे पूर्ण मॅच मैदानावर. चौथ्या क्वार्टरला तो धापा टाकतोय म्हणून लगेच नापास करू नका, किती प्ले खेळलाय ते आधी बघा.

पायरी २: जायच्या आधी घरी बसून करायचं काम

हडल (Hudl) या व्हिडिओ साइटवर बहुतेक पोरांचे हायलाइट मिळतात. बघा, पण त्यावर मत बनवू नका. हायलाइट म्हणजे पोराने स्वतः निवडलेले तीस प्ले, आणि त्यात बहुतेक पॅनकेक, म्हणजे समोरच्याला पाठीवर आडवा केल्याचे. २८० पौंडांच्या पोराने १८० पौंडांच्या डिफेन्सिव्ह एंडला आडवं केलं यातून फक्त वजनातला फरक कळतो. हायलाइटचा उपयोग एवढाच की पुढे बघायचं की नाही हे ठरतं. पुढे बघायचं ठरलं की शाळेच्या कोचला नीट विचारून पूर्ण मॅचचं फिल्म मागा, आणि त्यातही एंड झोनच्या मागून काढलेलं असेल तर उत्तम, कारण बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये सगळी लाइन एकमेकांच्या मागे लपते.

मग टीम कुठली सिस्टिम खेळते ते शोधा. हे फार जण करत नाहीत आणि तिथेच फसतात. विंग-टी किंवा ऑप्शन, म्हणजे बॉल घेऊन पळण्यावर भर असलेली सिस्टिम, खेळणाऱ्या शाळेचा लाइनमन दिवसभर पुढे घुसतो, पुल करून (जागा सोडून बाजूला) पळतो, पण पास प्रोटेक्शनला, म्हणजे थ्रो करणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला, मागे सरकायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. उलट स्प्रेड आणि एअर रेडवाल्या, म्हणजे जास्त पास टाकणाऱ्या, शाळेत पोरगा सतत दोन पायांवर उभा, पास ब्लॉक करतोय, पण हात जमिनीवर टेकवून समोरच्याला ढकलत नेणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. जे त्याला करायलाच सांगितलं नाही त्याचे मार्क कापू नका. "दिसलं नाही" असं लिहा, "येत नाही" असं लिहू नका.

आणि नियमांचं एक. तुम्ही एखाद्या कॉलेजचे बूस्टर असाल, म्हणजे देणगी वगैरे देत असाल, तर रिक्रूट करायच्या हेतूने पोराशी किंवा त्याच्या घरच्यांशी बोलणं एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) नियमात बसत नाही. बघा, लिहा, पण लांब राहा. शाळेत जाताना ऑफिसमध्ये नाव नोंदवा, कोचची परवानगी घ्या, अल्पवयीन पोरं आहेत ही.

पायरी ३: मॅचच्या एक तास आधी पोचा

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला मॅच सुरू होते, तुम्ही सहाला तिथे पाहिजे. वॉर्म-अपमध्ये पोरगं हेल्मेटशिवाय, जवळून, निवांत बघायला मिळतं, मॅच सुरू झाल्यावर मिळत नाही.

रोस्टरवरची उंची आणि वजन खरं मानू नका. ६ फूट ५ लिहिलेला पोरगा पुष्कळदा ६ फूट ३ निघतो. उंची माहीत असलेल्या कोणाच्या तरी शेजारी तो उभा राहिला की अंदाज येतो. मग शरीराचा सांगाडा बघा. खांदे रुंद आहेत का, कंबर आणि मांड्या भरलेल्या आहेत का, मनगटं आणि घोटे कसे आहेत, पंजे मोठे आहेत का. २५० पौंडांचा पण रुंद हाडाचा, पोट सपाट असलेला पोरगा तीन वर्षांत ३०० ला आरामात जातो आणि ते वजन अंगी लागतं. आधीच ३२० असलेला, पण सगळं पोटावर आणि मांडीत ताकद नाही, अशा पोराला कॉलेजला आधी वीस-तीस पौंड उतरवावे लागतात आणि मग परत चढवावे लागतात. मला पहिला जास्त आवडतो, जवळजवळ नेहमीच.

आई-वडील, मोठा भाऊ स्टँडमध्ये दिसले तर त्यांच्या उंचीकडेही लक्ष असू द्या. वय विचारा, इयत्ता नाही. एकाच इयत्तेतल्या दोन पोरांत वर्षभराचा फरक असू शकतो आणि या वयात एक वर्ष म्हणजे खूप.

वॉर्म-अपमध्ये लाइनवाले त्यांच्या कोचबरोबर वेगळे सराव करतात. तिथे पोरगं मनापासून करतंय का, कोचने चूक सांगितली की पुढच्याच वेळी सुधारतंय का, हे टिपा. माझ्या मते ही दहा मिनिटं सगळ्या हायलाइटपेक्षा जास्त सांगून जातात.

पायरी ४: मॅच सुरू, नजर पायांवर

बसायची जागा पन्नास यार्डाच्या रेषेवर घेऊ नका. एंड झोनच्या बाजूला, शक्य तितकं वर, आणि सोबत दुर्बीण. हाफटाइमनंतर खाली कुंपणापाशी येऊन आवाजही ऐका, पॅडवर पॅड आपटल्याचा आवाज खूप काही सांगतो.

एका मॅचमध्ये साधारण पन्नास-साठ प्ले असतात आणि एका वेळी सगळं बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. म्हणून पहिली दोन-तीन ड्राइव्ह (टीमकडे बॉल असतानाचे सलग प्ले) फक्त पाय. स्नॅप झाल्या झाल्या त्याचं पहिलं पाऊल कसं पडतं, बाकी चौघांच्या आधी की नंतर. पाऊल छोटं आणि जमिनीलगत पाहिजे. लांब ढांग टाकली की तेवढा वेळ माणूस एका पायावर असतो, आणि तेवढ्यात समोरचा त्याला हलवतो.

रन प्ले असेल तर भिडल्यावर पाय चालू राहतात का ते बघा. हायस्कूलच्या पुष्कळ पोरांचा एकच मोठा धक्का असतो, तो लागला की पाय थांबतात आणि मग नुसती मिठी मारून उभे. चांगला पोरगा धक्क्यानंतर बारीक बारीक पावलं टाकत राहतो, शिट्टी वाजेपर्यंत.

पास प्ले असेल तर टॅकल मागे तिरका सरकतो, त्याला किक स्लाइड म्हणतात. इथे पाय एकमेकांना चिकटता कामा नयेत, क्रॉस तर अजिबात होता कामा नयेत. समोरचा बाहेरून येतोय असं दाखवून एकदम आत वळला की आपल्या पोराचे पाय काय करतात? जो थांबून, वजन सावरून, परत त्याच्यासमोर येतो त्याचं नाव वहीत ठळक लिहा, भले तो प्ले तो हरला असेल तरी. कारण ताकद कॉलेजच्या वेट रूममध्ये येते, मंद पाय तिथे फारसे सुधारत नाहीत.

पुल करताना बघायलाही मजा येते, गार्ड आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला पळत जातो आणि लाइनबॅकरला, म्हणजे डिफेन्सच्या लाइनमागे उभ्या असलेल्या गड्याला, गाठतो. पळताना तो खांदे वळवून भराभर जातो का, आणि मोकळ्या मैदानात हलणाऱ्या माणसाला गाठतो की त्याच्या बाजूने निघून जातो? मोठ्या देहाच्या पोराला हलतं लक्ष्य गाठता येणं ही दुर्मिळ गोष्ट आहे.

पायरी ५: मग कंबर आणि गुडघे, मग हात

पुढच्या ड्राइव्हला नजर वर घ्या. पोरगा खाली बसतो तो गुडघ्यातून की कमरेतून वाकून? हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, कुस्तीत जो पाय ताठ ठेवून कमरेत वाकत पुढे येतो त्याला समोरचा नुसता खाली ओढतो आणि तो तोंडावर पडतो. लाइनवरही अगदी तेच. पाठ सरळ, छाती वर, गुडघे आणि घोटे वाकलेले, असा पोरगा ६ फूट ६ असूनही समोरच्याच्या खाली शिरतो. हायस्कूलच्या उंच पोरांत हा दोष फार असतो, पहिल्या क्वार्टरला नीट बसतात आणि दमले की सरळ उभे राहतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला हीच गोष्ट परत तपासा.

समोरचा जोरात छातीवर येऊन आदळला की काय होतं? एक-दोन पावलं मागे गेला तरी चालेल, पण तिथे पाय रोवून थांबला पाहिजे. जो सरकत सरकत क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसतो त्याची कंबर-मांडीची ताकद अजून आलेली नाही. ती येऊ शकते. पण गुडघे वाकतच नसतील, कंबर वळतच नसेल, तर मला काळजी वाटते.

हात शेवटी बघायचं कारण असं की हात शिकवता येतात. तरी लिहायचं. पंच समोरच्याच्या छातीवर आत बसतो की बाहेर खांद्यावर? बाहेर बसला की होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, दहा यार्डांची पेनल्टी. दोन्ही हात एकदम फेकतो आणि चुकला की पुढे लडबडतो, की एकेक हात वापरून तोल राखतो? हात लांब असतील तर त्यांचा उपयोग करून समोरच्याला दूर ठेवतो की लांब हात असूनही छातीला छाती लावून खेळतो?

डबल टीमही सोडू नका. दोघं मिळून एका डिफेन्सिव्ह टॅकलला ढकलतात आणि मग एक जण सुटून लाइनबॅकरवर जातो. सुटायची वेळ बरोबर साधणारा पोरगा डोक्याने खेळतोय. लवकर सुटला की डिफेन्सिव्ह टॅकल मोकळा, उशिरा सुटला की लाइनबॅकर मोकळा.

पायरी ६: हरल्यावर काय करतो

प्रत्येक लाइनमन हरतो. सगळ्यात मोठेही हरतात. म्हणून हरलेले प्ले वेगळे काढून बघायचे. समोरचा निसटल्यावर पोरगा मागे वळून नुसता बघत उभा राहिला की पळत जाऊन परत गाठायचा प्रयत्न केला? इंटरसेप्शन झाल्यावर, म्हणजे आपला पास समोरच्यांनी पकडल्यावर, उलटा पळत जाऊन बॉलवाल्याला पाडायला गेला? पुढच्या प्लेला तोच माणूस, तीच चाल, तर आता काही वेगळं केलं का?

फॉल्स स्टार्ट, म्हणजे स्नॅपच्या आधीच हलणं, कधी होतात तेही लिहा, पाचच यार्डांची पेनल्टी आहे पण शेवटच्या पाच मिनिटांत वारंवार होत असेल तर पोरगा दमला तरी आहे किंवा समोरच्याला घाबरला तरी आहे. बेंचवर गेल्यावर लाइनवाले एकत्र बसतात, कोच बोर्डवर किंवा टॅबलेटवर काहीतरी दाखवतो. आपला पोरगा ऐकतोय का, बाकीच्यांना सांगतोय का? सेंटर बघत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण स्नॅपच्या आधी समोरचं डिफेन्स बघून बाकी चौघांना ओरडून सांगायचं काम बहुतेक त्याचंच असतं.

सरळ शिट्टीपर्यंत खेळणं आणि शिट्टीनंतर धक्काबुक्की करणं यात गल्लत करू नका. पहिलं हवं, दुसरं नको.

पायरी ७: समोर कोण होतं?

हा प्रश्न रिपोर्टमध्ये आलाच पाहिजे. शंभर-दीडशे मुलांच्या गावातल्या शाळेचा टॅकल दर शुक्रवारी लहानखुऱ्या पोरांसमोर खेळतो, तिथे तो जिंकणारच. मग त्याच्याकडून फक्त जिंकणं नाही, पूर्ण वर्चस्व दिसलं पाहिजे, प्रत्येक प्लेला. टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा, ओहायोच्या मोठ्या शाळांत समोरही कॉलेजला जाणारीच पोरं असतात, तिथे एखाद्याने बरोबरी केली तरी ती मोठी गोष्ट. शेड्यूल बघून सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी कोण ते काढा आणि तीच मॅच बघायला जा. एकच मॅच बघता येणार असेल तर हीच.

पायरी ८: हिवाळा आणि वसंत, इतर खेळ

मला विचाराल तर अर्धा स्काउटिंग फुटबॉलच्या सीझननंतर होतो. पोरगा अजून काय खेळतो?

रेसलिंग असेल तर मी डोळे झाकून एक पायरी वर चढवतो. तोल, कंबर, खालून शिरणं, आणि एकट्याने मॅटवर उभं राहायची हिंमत. एनएफएलचा टॅकल ट्रिस्टन वर्फ्स आयोवातल्या माउंट व्हर्नन या छोट्या गावचा, हेवीवेट रेसलिंगला राज्यात पहिला, आणि त्या गटाची वजनाची मर्यादा २८५ पौंड असल्यामुळे त्याला त्यासाठी वजन उतरवावं लागलं होतं. शिवाय गोळाफेक आणि थाळीफेकीतही राज्यविजेता. २०२० च्या एनएफएल कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मापं-चाचण्यांना, ३२० पौंडांचा हा गडी ४० यार्ड ४.८५ सेकंदांत पळाला आणि उभ्या जागेवरून साडेछत्तीस इंच उडाला. हायस्कूलला ज्याने त्याला मॅटवर आणि थाळी फेकताना बघितलं होतं त्याला नवल वाटलं नसणार. स्टीफन नील तर कॉलेजला फुटबॉल खेळलाच नाही, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला रेसलिंग केली, १९९९ ला फ्रीस्टाइलचा जगज्जेता झाला आणि मग एनएफएलच्या पेट्रियट्स टीमचा गार्ड.

गोळा आणि थाळी फेकणारे का चांगले निघतात? कारण त्यात जोर पायातून कमरेत आणि कमरेतून हातात जातो, तोही छोट्या वर्तुळात, तोल न जाता. एनएफएलचा टॅकल जोनाथन ऑग्डेन यूसीएलए कॉलेजला असताना १९९६ ला इनडोअर गोळाफेकीचा एनसीएए विजेता होता. टॅकल जो थॉमस हायस्कूलला गोळा-थाळी दोन्ही फेकायचा, पुढे एनएफएलच्या क्लीव्हलँड टीमसाठी सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही न चुकवता.

बास्केटबॉलमध्ये डिफेन्स करताना पाय बघा, तीच किक स्लाइड आहे. अंगाने मोठा असूनही जो बाजूला सरकताना पाय क्रॉस करत नाही तो टॅकल होऊ शकतो. टाइट एंडकडेही नजर ठेवा, ६ फूट ६ चा २३० पौंडांचा, अजून वाढणारा. जो स्टेली असाच टाइट एंड म्हणून सेंट्रल मिशिगनला गेला आणि तिथे टॅकल होऊन २००७ ला ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये निघाला, जो ऑल्ट हायस्कूलला टाइट एंड होता आणि २०२४ ला पाचवा निघाला.

पायरी ९: माप आणि कॅम्प

उन्हाळ्यात, खास करून जूनमध्ये, कॉलेजं कॅम्प घेतात. तिथे खरी मापं मिळतात. हाताची लांबी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात, टॅकलला ३३-३४ इंच असेल तर बरं. पण यात अडकून पडू नका. एलएसयू कॉलेजच्या टॅकल विल कॅम्पबेलचा हात २०२५ च्या कम्बाइनला ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला, महिनाभर नुसती त्याचीच चर्चा, आणि पेट्रियट्सने त्याला चौथ्या नंबरवर घेतलं.

४० यार्डांची वेळ लाइनमनसाठी तितकीशी कामाची नाही, त्यातले पहिले १० यार्ड कामाचे. ब्रॉड जंप आणि शटल रन जास्त सांगतात, एकात स्फोटक ताकद दिसते, दुसऱ्यात दिशा बदलता येते का ते.

वन-ऑन-वन ड्रिल सगळ्यांना आवडतं, मोबाइल घेऊन गर्दी होते. पण हे ड्रिल लाइनमनवर अन्याय करणारं आहे. समोरच्याला सगळं मैदान मोकळं, शेजारी मदतीला गार्ड नाही, आणि रन येईल ही भीती त्याला नाही. म्हणून किती हरला ते मोजू नका, दुसऱ्यांदा उभा राहिल्यावर काय सुधारलं ते बघा, आणि कोण परत परत रांगेत पुढे येतो आणि कोण मागे लपतो तेही बघा.

रेटिंग साइटवरचे स्टार शेवटी उघडा, स्वतःचा रिपोर्ट लिहून झाल्यावर. आधी बघितले की डोळा तेच शोधतो.

पायरी १०: मार्कशीट

हे लोक विसरतात आणि मग सगळी मेहनत वाया. डिव्हिजन वनला पहिल्या वर्षी खेळायचं तर १६ कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो, आणि त्यातले १० कोर्स सीनियर वर्ष (बारावी) सुरू व्हायच्या आधी पूर्ण पाहिजेत, म्हणजे ज्युनिअर वर्षातच (अकरावीत) कळतं की गाडी रुळावर आहे की नाही. डिव्हिजन टूला २.२. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली. मार्क काउन्सेलरकडून परवानगीनेच मागायचे. शिक्षकांशी, ट्रेनरशी, जमलं तर शाळेच्या शिपायाशीही दोन शब्द बोला, पोरगा कसा वागतो ते कोचपेक्षा तिथे खरं कळतं.

फ्रिस्को, प्लेनोसारख्या टेक्सासच्या उपनगरांत आता आपली पुष्कळ मराठी घरं आहेत आणि एखादा उंचापुरा पोरगा लाइनवर जायचं म्हणतो तेव्हा आई-बाबांचा पहिला प्रश्न अभ्यासाचा आणि दुसरा डोक्याला मार लागण्याचा असतो. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. शाळेत ॲथलेटिक ट्रेनर आहे का, कन्कशन झाल्यावर डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत उतरवत नाहीत ना, हे विचाराच. स्काउट म्हणून तुमच्या रिपोर्टमध्येही दुखापतींचा रकाना पाहिजे, गुडघा, खांदा, पाठ, डोकं.

पायरी ११: कुठल्या लेव्हलचा?

"चांगला आहे" हे उत्तर नाही. कुठे चांगला? एफबीएस आणि एफसीएस (डिव्हिजन वनचे वरचा आणि खालचा गट), डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए (एनसीएएपेक्षा वेगळी, छोट्या कॉलेजांची संघटना), ज्युनिअर कॉलेज, एवढ्या जागा आहेत. डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसते पण म्हणून तिथे खेळाडू नसतात असं नाही, क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा, डिव्हिजन थ्री, २०२१ ला तिसऱ्या राउंडला निघाला आणि पुढे ऑल-प्रो झाला, म्हणजे एनएफएलच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. जेसन केल्सी सिनसिनाटीला स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून गेला, तेही लाइनमन म्हणून नाही, आणि सहा वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो सेंटर झाला.

सध्याची परिस्थितीही समजून घ्या. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, २०१८ ला आलं, खेळाडूला स्वतःच्या नावाचे, जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा २०२१ पासून, आणि २०२५ च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर मोठ्या कॉलेजांना १०५ खेळाडूंची मर्यादा आली. माझ्या मते याचा सगळ्यात मोठा फटका हायस्कूलच्या लाइनमनला बसलाय, कारण कोचला तीन वर्षं पोराला वाढवण्यापेक्षा पोर्टलमधून बावीस वर्षांचा तयार गडी घेणं सोपं पडतं. म्हणून जो पोरगा अजून दोन वर्षांनी तयार होईल त्याला एफसीएस किंवा डिव्हिजन टू सुचवणं म्हणजे त्याला कमी लेखणं नाही. तिथे तो खेळेल, आणि खेळल्याशिवाय लाइनमन तयार होत नाही.

पायरी १२: रिपोर्ट लिहा

एक पान पुरे. वर मापं, आणि ती स्वतः मोजलेली की रोस्टरवरची हे स्पष्ट. मग पाय, कंबर-गुडघे, हात, ताकद, डोकं, शेवटपर्यंत खेळणं, प्रत्येकाला एक-दोन वाक्यं. विशेषणं टाळा, पुरावा लिहा. "पाय चांगले" यातून कोचला काही कळत नाही. हे असं लिहा: "तिसरा क्वार्टर, दुसरी ड्राइव्ह, एंड बाहेरून आत वळला, ७४ नंबर आधी फसला, पण पाय न क्रॉस करता परत समोर आला, क्वार्टरबॅकला थ्रोला वेळ मिळाला." असे पाच-सहा प्ले वेळेसकट दिले की कोच स्वतः फिल्म लावून बघेल, आणि तेच हवंय.

शेवटी तीन ओळी: कॉलेजला कुठली पोझिशन, कुठली लेव्हल, आणि कधी तयार होईल. लाइनमन पहिल्या वर्षी क्वचित उतरतो, बहुतेकांना रेडशर्ट करतात, म्हणजे ते वर्ष न खेळवता राखून ठेवतात, तेव्हा "दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी" असं लिहायला घाबरू नका. जे दिसलं नाही तेही लिहा.

हाच पोरगा पुढच्या वर्षी परत बघायचा. सोफोमोरचा (दहावीचा) रिपोर्ट खोडून नवा करू नका, दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे किती पौंड वाढले, ते कुठे वाढले, आणि वजन वाढल्यावर पाय मंद झाले की नाही हे दिसतं. सीनियर सीझनचा रिपोर्ट मात्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कोचकडे गेला पाहिजे, कारण २०२४ पासून पोरांनी कॉलेजबरोबर सह्या करायची पहिली फेरी डिसेंबरच्या सुरुवातीलाच होते, फेब्रुवारीच्या फेरीपर्यंत बहुतेक जागा भरलेल्या असतात.